चार गुंजांचा छर्रा: एअर पिस्तुलाचा प्रत्येक शॉट सारखा कसा आणायचा

भाच्याला कुठनं तरी अमेरिकेतल्या गॅरेजमधले व्हिडिओ सापडले. तिकडचे लोक घरी बसून पिस्तुलाची काडतुसं परत भरतात, दारू काट्यावर टाकून ग्रेनमध्ये मोजतात, एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, आणि त्याच्या दहाव्या भागावरनं तासन्‌तास भांडतात. हा आला पळत, "मामा आपणपण करूया की." म्हटलं बाळा, इथं ते डोक्यातनं काढून टाक, शस्त्र कायदा १९५९ चं कलम ५ बघ, लायसन्सशिवाय दारूगोळा बनवणं हा सरळ गुन्हा आहे, घरात तर विषयच नाही. पण त्या माणसांची जी खाज आहे ना, दर वेळी सारखंच, अगदी तेवढंच, ती खाज चुकीची नाही, आणि ती भागवायला आपल्याकडं १० मीटर एअर पिस्तूल आहे की. ४.५ मिमी बोअरच्या (नळीच्या भोकाच्या) आणि २० ज्युलच्या आतल्या एअर पिस्तुलाला लायसन्स लागत नाही, मॅचचं पिस्तूल तर पाचसहा ज्युलचंच असतंय. बिल तेवढं जपून ठेवा.

मी काय कोच नाही. दुधाळीच्या शूटिंग रेंजवर जाणारा, पन्नाशीला टेकलेला हौशी माणूस. पण कोल्हापुरात हा नाद लागायला वेळ लागत नाही. २०१० ला तेजस्विनी सावंत म्युनिकमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली, २०१८ ला राही सरनोबतनं एशियन गेम्सचं गोल्ड आणलं, आणि २०२४ ला आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पॅरिसमधनं ब्राँझ घेऊन आला. त्यानंतर गल्लीतल्या प्रत्येक पोराला वाटतंय आपणपण मारू शकतोय. मारू शकतोय की, पण पहिल्या महिन्यात सगळे एकच वाक्य बोलतात, "माझं पिस्तूल एकसारखं मारत नाही." हा लेख त्या वाक्यासाठी. मी स्वतः तीन महिने छर्रे तोलत बसलो होतो आणि त्यातले दोन महिने फुकट गेले, ते तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं सांगतो.

आधी हिशोब, काटा नंतर

मी केलेली पहिली चूक म्हणजे काटा आधी आणला आणि हिशोब नंतर केला, तुम्ही उलटं करा.

टार्गेटवर १० चं वर्तुळ ११.५ मिमीचं असतंय. छर्रा ४.५ मिमीचा. कडेला नुसता चाटून गेला तरी १० मिळतात, म्हणजे छर्र्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासनं ५.७५ अधिक २.२५, बरोबर ८ मिमीपर्यंत लांब गेला तरी चालतंय. पुढची प्रत्येक रिंग अजून ८ मिमीवर. हे आकडे डोक्यात ठेवा, सगळं ह्याच्यावर मापायचंय.

आता छर्रा साधारण १५० मीटर प्रति सेकंदानं सुटतो, वाटेत थोडा मंदावतो, १० मीटर जायला ०.०७ सेकंद घेतो. तेवढ्या वेळात तो सुमारे २.४ सेंटीमीटर खाली पडतो, ते साईटमध्ये, म्हणजे नेम धरायच्या खुणेत, आपण आधीच धरलेलं असतंय. समजा वेग ३ मीटरनं कमी झाला, म्हणजे २ टक्के, तर वेळ २ टक्के वाढली, आणि पडणं वेळेच्या वर्गात वाढतंय म्हणून ४ टक्के, म्हणजे जेमतेम १ मिमी. वजनाचं बघा, छर्रा ०.४९ ग्रॅमचा आणि ५ मिलिग्रॅमचा फरक पडला तर तो १ टक्का. हवेचा धक्का तेवढाच, म्हणून वेग अर्धा टक्का बदलणार, आणि टार्गेटवर फरक पाव मिलीमीटर. पाव!

आणि हाताचं? पुढच्या आणि मागच्या साईटमधलं अंतर धरा ३३ सेंटीमीटर. पुढची साईट खाचेत पाव मिलीमीटरनं सरकली की १० मीटरवर साडेसात मिमीचा फरक, म्हणजे जवळजवळ एक अख्खी रिंग. ५ मिलिग्रॅमच्या वजनाच्या तीसपट नुकसान हे एवढंसं सरकणं करतंय.

हा हिशोब मी वहीत मांडला तेव्हा माझ्याकडं तोललेल्या छर्र्यांचे दीड डबे तयार होते. जाऊदे.

मग तोलायचंच कशाला? दोन कारणं. एक, वजनानं वाईट माल पकडला जातो, आत पोकळ राहिलेला, घेर (छर्र्याचा मागचा पातळ पसरट भाग) फाटलेला, असले छर्रे पाव मिलीमीटरवर थांबत नाहीत, ते कुठंही जातात. दुसरं, एकदा स्वतः मोजून बघितलं की छर्र्यावरचा संशय कायमचा जातो, मग मॅचमध्ये ८ आला की आपण हाताकडं बघतो, डब्याकडं नाही.

काटा कुठला आणि त्याला कसं पारखायचं

किराणा दुकानातला किंवा केक करायला आणतात तो एक ग्रॅमचा काटा उपयोगाचा नाही, ०.०१ ग्रॅमचा पण नाही, कारण त्याचा एक घर म्हणजे १० मिलिग्रॅम, आणि आपला सगळा खेळच १०-१५ मिलिग्रॅमच्या आत चालतो. ०.००१ ग्रॅम दाखवणारा पाहिजे. मी पहिला ऑनलाइन मागवला, खिशात मावणारा, दिसायला भारी. पहिल्याच संध्याकाळी तोच छर्रा एकदा ०.४८७ एकदा ०.४९५. मला वाटलं छर्राच हलतोय काय.

मग तो काटा घेऊन गुजरीत गेलो. ओळखीचे एक सोनारकाका आहेत. त्यांनी माझा काटा बघितला, वरचा फिरणारा फॅन बघितला, आणि हसले. "तुझ्या घरी पण फॅन चालू असतोय न्हवं? आमचा काटा काचेच्या पेटीत का ठेवलाय, दिसायला चांगला म्हणून?" चिमट्यानं छर्रा उचलला, त्यांच्या काट्यावर ठेवला, पेटीची काच ओढली, आकडा स्थिर व्हायची वाट बघितली. ०.४९१. परत उचलला, परत ठेवला. ०.४९१. तिसऱ्यांदा ०.४९०. मग म्हणाले, "पूर्वीच्या हिशोबानं चार गुंजा. अर्धा मासा झाला की रे तुझा छर्रा." बरोबर आहे, ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा, जुना तोळा ११.६६ ग्रॅम, म्हणजे गुंज ०.१२१ ग्रॅमची आणि चार गुंजा ०.४८६.

त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं आणि नंतर मी स्वतः ठेचकाळत जे शिकलो ते असं.

काटा लावल्या लावल्या मोजायला सुरू करायचं नाही, वीस मिनिटं अर्धा तास चालू ठेवून बसू द्यायचा, आतला वजन मापणारा सेल गरम होईपर्यंत आकडा सरकत राहतो. जागा पक्की पाहिजे, लाकडी टेबल कुणी बाजूनं चाललं तरी हलतंय, मी कडाप्पाच्या ओट्यावर ठेवतो. लेव्हलचा बुडबुडा असेल तर मध्ये आणा. फॅन बंद, खिडकी बंद, आणि आपण स्वतः पण काट्यावर वाकून श्वास सोडायचा नाही. काचेची पेटी नसेल तर मिठाईचा प्लॅस्टिकचा पारदर्शक डबा उलटा घाला, बाजूला हात जाईल एवढं भोक पाडा, काम होतंय. मोबाईल काट्याशेजारी ठेवू नका, रिंग वाजली की आकडे नाचतात.

मग कॅलिब्रेशन. काट्याबरोबर येतं ते वजन हातानं धरायचं नाही, घामाचा थर लागला तरी ह्या लेव्हलला दिसतो, चिमटाच वापरायचा. कॅलिब्रेट करून झालं की परीक्षा घ्या, एकच छर्रा वीस वेळा उचला आणि वीस वेळा ठेवा, प्रत्येक आकडा लिहा. हे कंटाळवाणं आहे, पण हेच सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, कारण ह्यातनं कळतं की तुमचा काटा स्वतः किती डुलतोय. माझा पहिला काटा फॅन चालू असताना ८ मिलिग्रॅम डुलायचा, फॅन बंद करून डबा घातल्यावर २. काटा २ डुलत असेल तर छर्रे १-१ मिलिग्रॅमच्या गटात लावणं म्हणजे स्वतःलाच गंडवणं, निदान ४-५ मिलिग्रॅमचा गट ठेवा.

अजून एक खोड सांगतो. स्वस्त काटे शून्याच्या आसपास आळशी असतात, आकडा हळूहळू सरकला तर ते गुपचूप परत शून्य दाखवतात, आपल्याला वाटतं काटा स्थिर आहे. म्हणून मी रिकाम्या काट्यावर शून्य करत नाही. छोटी वाटी ठेवायची, शून्य करायचं, मग वाटी उचलायची, काटा उणे आकडा दाखवतो, समजा उणे ८.२१४. तो पाटीवर खडूनं लिहून ठेवायचा. मोजत असताना दर वीस छर्र्यांनी वाटी उचलून बघायची, उणे ८.२१४ च आला तर पुढं चला, ८.२१७ झाला तर काटा सरकलाय, परत शून्य करा आणि मागचे वीस परत तोला. हो, परत.

आणि साक्षीदार ठेवा. एक छर्रा घ्या, त्याला बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका लावा, वाळू द्या, त्याचं वजन लिहा. दर बैठकीला सुरुवातीला आणि शेवटी तोच तोलायचा. तो खोटं बोलत नाही, काटाच बोलतो.

तोलणं

एका डब्यात ५०० छर्रे. एका बैठकीत मी दीडशेच्या वर जात नाही, डोळे थकले की आकडा वाचायला चूक होते, ०.४८९ चा ०.४९८ होतो, आणि चुकीच्या ढिगात गेलेला छर्रा परत सापडत नाही. डबा एकदम ओतायचा नाही, मऊ कापडावर हळू पसरायचा, शिसं इतकं मऊ असतंय की एकमेकांवर आपटून पण घेर दबतो. चिमटा प्लॅस्टिकचा किंवा टोकाला रबर लावलेला, स्टीलच्या टोकानं चरा पडतो. पकडायचा कमरेत, जिथं छर्रा बारीक असतो तिथं, घेराला कधीच नाही.

माझ्या एका डब्यात सगळ्यात हलका ०.४८४ निघाला, सगळ्यात जड ०.४९९, आणि बहुतेक सगळे ०.४८९ ते ०.४९४ मध्ये. मधली गर्दी ही तुमची. दोन्ही टोकांचे काढून टाका, फेकायचे नाहीत, ट्रिगरच्या सरावाला वापरायचे. संपलं. सहा-सात ढीग लावत बसायची काही गरज नाही, तो माझा मूर्खपणा होता, छोट्या औषधाच्या डब्या आणून लेबलं लावून, कपाटात रांग. बायको म्हणाली, "अहो, हुपरीत चांदीची दुकानं टाकायचीत काय?"

काट्यापेक्षा डोळा

वजन बरोबर असून पण छर्रा खराब असू शकतो, घेर एका बाजूला दबला तर वजन तेवढंच राहतं की. म्हणून तोलण्याआधी बघणं. दिवा बाजूनं, आडवा प्रकाश. छर्रा उलटा करून घेराचं तोंड बघायचं, ते पूर्ण गोल पाहिजे, पाव सेकंदात कळतं, सवय झाली की चहा पिता पिता कळेल, पण चहा प्यायचा नाही, त्याचं कारण खाली आहे. मग डोकं बघायचं, मॅचच्या छर्र्याचं डोकं सपाट असतंय, त्याला कड असते, कडेवर चरा किंवा शिशाची कुसळ नको. घेराच्या आत सैल शिशाचा तुकडा अडकलेला असतो कधीकधी, टेबलावर हळूच टोचला की पडतो.

डोक्याचं माप डब्यावर लिहिलेलं असतंय, ४.४८, ४.४९, ४.५०, ४.५१ वगैरे. मायक्रोमीटरनं मापायला जाऊ नका, शिसं दाबलं जातं आणि आपण आपल्या बोटांची ताकद मापतो. मी उद्यमनगरात एका लेथवाल्या मित्राकडं गेलो होतो, ४.४९ आणि ४.५० ची दोन भोकं असलेली पट्टी करून दे म्हणून. तो म्हणाला, "भावा, दहा मायक्रॉनचा फरक भोकात आणायला जेवढं बिल होईल तेवढ्यात तुझं वर्षाचं छर्र्याचं बजेट निघंल." आलो परत. तेव्हापासनं डोक्याचं माप मी मापत नाही, वेगवेगळ्या मापाचे आणून मारून बघतो, बॅरल स्वतः सांगतंय कुठलं आवडतं ते.

हवा

पिस्तुलाची "दारू" म्हणजे सिलेंडरमधली हवा. बहुतेक मॅच पिस्तुलांचं सिलेंडर २०० बारचं, मध्ये रेग्युलेटर, तो दर शॉटला ठरलेला कमी दाब पुढं देतो. म्हणून २०० बार असो नाहीतर १२०, वेग तोच राहायला पाहिजे. खाली एका ठिकाणी रेग्युलेटरला पुरेसा दाब मिळेनासा होतो आणि मग वेग घसरायला लागतो. तुमच्या पिस्तुलाच्या पुस्तकात ती खालची हद्द दिलेली असते, ती पाळा, गेजचा काटा लाल पट्ट्यात जाईपर्यंत मॅच खेळू नका.

भरताना हळू भरा. झटक्यात भरलं की हवा तापते, गेजवर २०० दिसतं, दहा मिनिटांनी थंड होऊन १८५ होतं. हातपंप वापरत असाल तर पावसाळ्यात सांभाळा, जुलैमध्ये आपल्याकडची हवा म्हणजे ओलं फडकं, ते पाणी सिलेंडरमध्ये जातं, पंपाला कोरडं करायचा फिल्टर लावा नाहीतर डायव्हिंगच्या टाकीतनं कोरडी हवा भरा. ऑक्सिजन कधीच नाही, कुणी कितीही सांगू दे. दाबाच्या हवेच्या जागी साधं तेल किंवा ग्रीस पण नाही, दाबाखाली पेट घेऊ शकतं. सिलेंडरवर तारीख कोरलेली असते, साधारण १० वर्षांचं आयुष्य कंपन्या देतात, सेकंडहँड पिस्तूल घेताना आधी ती तारीख बघा, मग रंग बघा. आणि एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत सिलेंडर ठेवून मिसळ खायला जायचं नाही.

आता वेग मोजणं. क्रोनोग्राफ म्हणजे दोन सेन्सर, छर्रा एकावरनं दुसऱ्यावर किती वेळात गेला त्यावरनं वेग. इचलकरंजीच्या एका दोस्ताकडं होता, रविवारभर उसना आणला. पहिला अर्धा तास आकडे येडे, १५१, २०४, ९७. पिस्तूल बिघडलं म्हणून पोटात गोळा आला, मग कळलं वरची ट्यूबलाईट लुकलुकत होती. ट्यूब बंद करून खिडकीच्या उजेडात ठेवल्यावर १४९, १५०, १५०, १४८. तर सेन्सरला स्थिर उजेड लागतो हे लक्षात ठेवा.

एकेका छर्र्याचे निदान दहा शॉट घ्या, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी ह्यातला फरक लिहा. ३-४ मीटरच्या आत असेल तर पिस्तुलाला हात लावू नका, वरचा हिशोब आठवा, ३ मीटर म्हणजे १ मिमी. मला एक गोष्ट मात्र इथंच सापडली. पिस्तूल अर्धा तास पडून असलं की पहिला शॉट बाकीच्यांपेक्षा वेगळा यायचा, मग सगळे एका रांगेत. पडून असताना रेग्युलेटरमधनं दाब थोडा थोडा पुढं झिरपतो, त्याचा परिणाम. सरावाला बसताना पहिले दोन-तीन शॉट मोजायचेच नाहीत, मॅचला सायटिंगचा, म्हणजे न मोजल्या जाणाऱ्या शॉटचा, वेळ असतो, ते तिथं जाऊदे. आणि झिरपणं रोज वाढत असेल तर सील गेलंय, मेकॅनिककडं द्या, स्वतः उघडू नका.

शिकंजा आणि भाच्याचे तीन कप

कुठला छर्रा चांगला हे हातात धरून कळत नाही, कारण हात छर्र्यापेक्षा वाईट आहे. शिकंजा लागतो. मी उद्यमनगरातला साधा टेबल व्हाइस घेतला, जबड्यांना लाकडाच्या फळ्या, फळ्यांना चपलेच्या कारागिराकडनं आणलेले कातड्याचे तुकडे. पकडायचं फ्रेमला, बॅरलला नाही आणि सिलेंडरला तर अजिबात नाही. दर शॉटला शिकंजा तेवढाच आवळलेला पाहिजे, लोड करताना धक्का लागून सरकतोय का बघत राहा. टार्गेटमागं छर्रे अडवणारा पक्का ट्रॅप, आजूबाजूला कुणी नाही, डोळ्यावर चष्मा, आणि शॉट नसेल तेव्हा बॅरलमध्ये रंगीत सुरक्षा दोरा. शिकंज्यातलं पिस्तूल पण पिस्तूलच असतंय.

पाच शॉटचा एक ग्रुप, बाहेरच्या कडेपासनं बाहेरच्या कडेपर्यंत मापायचा. चांगलं पिस्तूल चांगल्या छर्र्यानं ६-७ मिमी देतं, म्हणजे एकाच भोकात पाच. पण एका ग्रुपवर विश्वास ठेवू नका, पाच शॉटमध्ये नशीब फार असतं, मी एकाच डब्यातनं एकापाठोपाठ ५.८ आणि ८.१ बघितलेत. निदान दहा ग्रुप, मग सरासरी.

आणि कुठला छर्रा चाललाय ते मारणाऱ्याला माहीत नसावं. भाच्याला म्हटलं तू कर. त्यानं चहाचे तीन कागदी कप घेतले, एकात माझे तोलून निवडलेले, एकात नुसते डोळ्यानं बघितलेले पण न तोललेले, तिसऱ्यात डब्यातनं थेट काढलेले. कपाच्या बुडाला त्यानं काहीतरी खूण केली आणि मला हसत दिले. रोज संध्याकाळी, आठवडाभर. आठव्या दिवशी खुणा उघडल्या तर तोललेल्यांत आणि नुसत्या बघितलेल्यांत मला काही फरक दाखवता येईना, मिलीमीटरचे दशांश इकडंतिकडं. थेट डब्यातल्यांत मात्र तीन वेळा एकेक छर्रा ग्रुप सोडून पळाला होता. भाचा काही बोलला नाही, कपाटातल्या माझ्या डब्यांच्या रांगेकडं फक्त बघितलं.

नंतर अजून एक कळलं. एकाच कंपनीच्या, एकाच लेबलच्या पण वेगळ्या लॉटच्या दोन डब्यांत जो फरक आला तो माझ्या सगळ्या तोलण्यापेक्षा मोठा होता. म्हणून तुमच्याकडं वेळ आणि पैसा कमी असेल तर काट्यावर घालवू नका, तीन-चार वेगळ्या लॉटचे एकेक डबे आणा, शिकंज्यात मारा, जो जमला त्या लॉटचे मिळतील तेवढे डबे एकदम घ्या, लॉट नंबर वहीत लिहा.

बोट

शिकंज्यातनं काढून हातात घेतल्यावर ज्या गोष्टीनं सगळ्यात जास्त फरक पडतो ती कुणी सांगत नाही, छर्रा बसवणं. घाईत छर्रा तिरका बसतो, लिव्हर बंद करताना घेर चेपतो, आणि तीन महिने जपलेला छर्रा शेवटच्या अर्ध्या इंचात खराब होतो. सरळ ठेवा, बोटाच्या पेरानं हलकं दाबा, तो बॅरलमध्ये गेल्याचं बोटाला कळतं, मगच बंद करा. दर वेळी तेच बोट, तेवढाच दाब. ६० शॉटला ७५ मिनिटं असतात, एका शॉटला सव्वा मिनिट, घाई कशाची?

पाऊस आणि शिसं

छर्रे धुवायचं खूळ असतं काहींना. मी पण धुतले, भांड्याच्या साबणानं, आणि जुलैमध्ये धुतले. चार दिवस वाळेनात, आठवड्यानं त्यावर पांढरी भुकटी. ती विषारी, ते छर्रे गेले. मॅचचे छर्रे धुवायची गरज नसते. डबा घट्ट बंद, आत सिलिका जेलची पुडी, आणि पंचगंगेचं पाणी रस्त्यावर यायच्या आधी सगळं वरच्या कप्प्यात.

शिसं खेळायची वस्तू नाही. तोलताना काही खायचं प्यायचं नाही, झालं की साबणानं हात धुवायचे, त्याचं कापड वेगळं, त्याची वाटी वेगळी, स्वयंपाकघरातलं काहीही घ्यायचं नाही. आणि पोरं लहान असतील तर डबा कुलपात.

आता मी एवढंच करतो, मॅचच्या आदल्या रात्री आडव्या दिव्याखाली ऐंशी-नव्वद छर्रे बघतो आणि फोमच्या ट्रेमध्ये एकेका खळग्यात उभे ठेवतो. काटा कपाटात आहे, वजनवारी लावलेल्या डब्यांतले छर्रे भाचा सरावाला संपवतोय.

मध्ये एकदा गुजरीत गेलो होतो तर सोनारकाकांनी बरणीतनं चार खऱ्या गुंजा काढून दिल्या, लाल, डोक्यावर काळा ठिपका. घरी आणून डबा उलटा घालून, फॅन बंद करून तोलल्या. एक ०.१०९, एक ०.१२६, उरलेल्या दोन मधल्या. माझ्या सगळ्यात वाईट डब्यापेक्षा जास्त फरक.